स्वयंपाकघरातला १६ चा एमसीबी सारखा पडतो, ३२ चा बसवून घेऊ का?

रानजाई, सोलापूर

नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, पण त्यावरून घरात दोन तट पडलेत म्हणून इथे विचारते.

आमचा फ्लॅट २००४ सालचा, वायरिंग भिंतीतल्या पाइपातून. गेल्या दिवाळीपासून मी नानकटाई आणि पावाच्या ऑर्डरी घेते, त्यासाठी १५०० वॅटचा ओटीजी, म्हणजे छोटा ओव्हन, घेतला. इंडक्शन शेगडी २००० वॅटची आहे. मायक्रोवेव्हच्या मागे १२०० वॅट लिहिलंय. तिन्ही वस्तू ओट्यावरच्या दोन बोर्डांवर चालतात आणि ते दोन्ही बोर्ड एकाच एमसीबीवर, म्हणजे जादा वीज ओढली की आपोआप पडणाऱ्या स्विचवर, आहेत. थंडीत काही त्रास नव्हता. एप्रिल लागला तसा एमसीबी पडायला लागला. लगेच पडत नाही. वीस-पंचवीस मिनिटं सगळं नीट चालतं आणि नानकटाई अर्धी भाजलेली असताना खट्. पुन्हा वर केला तर कधी राहतो, कधी पाच मिनिटांत परत खाली.

इलेक्ट्रिशियन येऊन बघून गेले. म्हणाले, वायर अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर) आहे, एमसीबी १६ चा (१६ अँपिअर) आहे, तो कमी पडतोय, ३२ चा टाकतो, पाच मिनिटांचं काम. सासरे म्हणतात टाकून घे. नवरा म्हणतो, ज्याने १६ चा बसवला त्याने काही तरी विचार केलाच असेल.

मला नुसतं ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असं उत्तर नकोय. अडीचच्या वायरीला १६ च का, हा आकडा येतो कुठून, ते कळलं तर बरं. सासरे इथल्या मिलमध्ये फिटर होते. कारण नीट सांगितलं की ऐकतात.

पिंगळा, पुणे

आमच्याकडे एसीच्या लाइनला हाच त्रास होता. १६ चा काढून ३२ चा टाकला, चार वर्षं झाली, एकदाही पडला नाही. वायर बदलली नाही. बिनधास्त टाका.

वायरमनकाका, सांगली

ताई, ३२ चा टाकू नका. आणि कारण विचारलंत म्हणून फार बरं वाटलं. ३१ वर्षं मी वायरिंगची कामं करतोय, सुपरवायझरचं लायसन्स आहे, आणि ‘का’ असं विचारणारी गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी भेटली. म्हणून सविस्तर लिहितो. सासऱ्यांना वाचून दाखवा.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. एमसीबी तुमच्या ओटीजीसाठी बसवलेला नसतो, शेगडीसाठीही नाही. तो भिंतीतल्या वायरीचा राखणदार आहे. ओटीजी बिघडला तर दुकानात नेता येतो. भिंतीतली वायर दिसत नाही, तिला हात लावून बघता येत नाही, ती तापली तर वास येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून एमसीबीचा आकडा वायरीवरून ठरतो. नियमातला क्रम असा: तुमचा भार एमसीबीच्या आकड्याहून जास्त नको, आणि एमसीबीचा आकडा वायरीच्या क्षमतेहून जास्त नको. आपल्याकडच्या वायरिंगच्या मानकात, आयएस ७३२ मध्ये, हेच आहे. तुमच्या इलेक्ट्रिशियननी पहिला अर्धा भाग पाळला आणि दुसरा सोडला.

आता वायरीची क्षमता. दुकानदार सांगेल, अडीचची वायर २४ अँपिअर घेते. खरं आहे. पण तो २४ कुठल्या परिस्थितीतला? तांब्याची पीव्हीसी वायर, पाइपात एकटं सर्किट, आणि भोवतालचं तापमान ३० अंश. या परिस्थितीत २४ अँपिअर सतत गेले तर तांबं ७० अंशांवर जाऊन स्थिरावतं, आणि साध्या पीव्हीसीची रोजची मर्यादा ७० अंशच आहे. म्हणजे २४ हा आकडा दिसतो अँपिअरचा, पण मुळात तो तापमानाचा आहे. तापमान बदललं की तो बदलणारच.

सोलापूरचा एप्रिल-मे मी तुम्हाला काय सांगू! भोवती ४० अंश धरले तर २४ ला ०.८७ ने गुणायचं. राहिले २०.९. त्याच पाइपातून दुसरंही सर्किट जात असेल, आणि स्वयंपाकघराच्या पाइपात बहुतेक वेळा फ्रिजची किंवा गीझरची लाइन असतेच, तर दोघं एकमेकांना तापवतात, म्हणून आणखी ०.८ ने गुणायचं. राहिले १६.७.

इथून तुमचा १६ आला. ४५ अंश धरले तर १५.२ च उरतात. म्हणजे १६ सुद्धा काही सैल आकडा नाही. ज्या कुणी तो बसवला त्याने काम बरोबर केलंय, यजमानांचं बरोबर आहे.

आता तुमचा भार. शेगडी ८.७, ओटीजी ६.५, मायक्रोवेव्ह ५.२. एकूण २०.४ अँपिअर, म्हणजे १६ च्या सव्वापटीहून थोडा जास्त. एमसीबीच्या मानकात दोन आकडे आहेत, ते लक्षात ठेवा. आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला त्याने तासभर पडायचं नाही, आणि १.४५ पट प्रवाहाला तासाच्या आत पडलंच पाहिजे. १६ च्या एमसीबीला हे झाले १८ आणि २३ अँपिअर. तुमचे २०.४ बरोबर मधल्या पट्ट्यात येतात. तिथे तो कधी पडेल हे आतल्या बायमेटलच्या पट्टीवर. ती पट्टी तापून वाकते आणि खटका सोडते. पट्टीचं कॅलिब्रेशन ३० अंशांचं असतं. उन्हाळ्यात डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी, आधीच गरम, म्हणून ती लवकर वाकते. थंडीत टिकला आणि एप्रिलमध्ये पडायला लागला, त्याचं कारण हेच. लगेच परत वर केला की पाच मिनिटांत पडतो, कारण पट्टी अजून गार झालेली नसते. एमसीबी बिघडलेला नाही. भिंतीतली वायरही त्याच उन्हाळ्यात तापतेय, आणि तो तिच्या वतीने तक्रार करतोय.

३२ चा टाकला तर काय? त्याला ३६ अँपिअरला तासभर पडायचं नाही. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ४० अंशांच्या भिंतीत एकट्या अडीचच्या वायरीला २०.९ अँपिअरला ३० अंशांची वाढ होते, तर ३६ ला जवळजवळ तिप्पट, ९० अंश. म्हणजे तांबं १३० वर. तापलं की तांब्याचा रेझिस्टन्सही वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी वर. आणि एमसीबी मात्र निवांत वर उभा.

तुम्ही म्हणाल, आमचा भार ३६ कुठेय, २०.४ च तर आहे. बरोबर. पाइपात दुसरं सर्किट असेल तर २०.४ ला सुद्धा वायर ८५ अंशांच्या आसपास जाते. त्या दिवशी आग लागणार नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि इथेच माणसं फसतात. पीव्हीसी मर्यादेच्या वर रोज थोडं थोडं कडक होत जातं, आमच्याकडे त्याला वायर ‘पापड झाली’ म्हणतात. साधारण दर ८-१० अंशांना आयुष्य निम्मं होतं असा अंदाज आम्ही धरतो. काही वर्षांनी कुणी बोर्ड उघडून वायर वाकवतो आणि इन्शुलेशन तुकड्यांनी हातात येतं. पिंगळा, तुमच्या चार वर्षांबद्दल मला हेच म्हणायचंय. एमसीबी पडला नाही एवढंच त्यातून कळतं. वायर कशी आहे ते कळत नाही.

मानकात आणखी एक सूचना आहे, जी बरेच इलेक्ट्रिशियन वाचत नाहीत: थोडासाच पण बराच वेळ चालणारा जादा भार पडेल अशी सर्किटची रचना करू नये. ती का लिहिली असेल? कारण १.१३ ते १.४५ या मधल्या पट्ट्यात एमसीबी वायरीला पुरता वाचवू शकत नाही. मोठा जादा भार तो ओळखतो, शॉर्ट सर्किट डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतो. हा लहानसा, तासन् तास चालणारा भार त्याच्या हातून निसटतो. तुमच्या भट्टीचा भार नेमका या जातीचा आहे.

हे मी इतक्या कळकळीने का लिहितोय तेही सांगतो. १९९४ साली मी आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलो होतो. मिरजेजवळ मामाच्या घरी लग्न होतं. जुनं घर, लाकडी पट्टीचं फिटिंग, मेनवर चिनी मातीचे किटकॅट, म्हणजे तार घालायचे जुने फ्यूज. मांडवात हॅलोजन लावले, पाण्याला मोटर लावली, आणि फ्यूज उडायला लागला. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा मी केबलच्या तारांचा पेड वळून किटकॅटमध्ये घातला. सगळ्यांनी कौतुक केलं, घरचा वायरमन म्हणून. रात्री अडीचच्या सुमाराला माजघरात धूर. पट्टीच्या आत वायर चार-पाच फूट जळाली होती आणि पट्टीने पेट घेतला होता. मामीला जाग आली म्हणून निभावलं. माजघरात अकरा पोरं झोपली होती. पुढच्या महिन्यात जाऊन मी सगळं घर स्वतःच्या पैशाने नवीन वायरचं करून दिलं, पण भिंतीवरचा तो काळा पट्टा मामाने कितीतरी वर्षं पुसला नव्हता. फ्यूज तीनदा सांगत होता, मी त्याचं तोंड बांधलं.

किटकॅटबद्दल जाता जाता. फ्यूजची तार आकड्याच्या साधारण दुप्पट प्रवाहाला वितळते, एमसीबीसारखी १.४५ पटीला नाही. म्हणून किटकॅट असेल तर त्याचा आकडा वायरीच्या क्षमतेच्या ०.७२५ पटीहून जास्त ठेवायचा नसतो. १.४५ भागिले २, सरळ हिशेब आहे. गावाकडे अजून किटकॅट आहेत म्हणून लिहिलं.

तर काय करायचं. पहिलं, मेन बंद करून त्या एमसीबीचे स्क्रू तपासून घ्या. स्क्रू सैल असेल तर तिथेच उष्णता तयार होते आणि पट्टी त्या उष्णतेने वाकते. दुसरं, ओटीजीला डीबीपासून वेगळी लाइन ओढा, अडीचची वायर, स्वतःचा १६ चा एमसीबी, स्वतःचं न्यूट्रल आणि अर्थ. भिंत फोडायची गरज नाही, केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे भिंतीवरच्या झाकणाच्या पट्टीतून, जाऊ द्या, म्हणजे पाइपातल्या गर्दीचा प्रश्नच येत नाही. जुन्या लाइनवर शेगडी आणि मायक्रोवेव्ह राहिले की १३.९ अँपिअर. आणि वीजबिलावरचा मंजूर भार बघून ठेवा.

पिंगळा, पुणे

काका, ‘बिनधास्त’ लिहिलं ते मागे घेतो. आता माझंच सांगा. दीड टनाचा एसी आहे, जुना, इन्व्हर्टर नसलेला. कॉम्प्रेसर सुरू होतानाच एमसीबी पडायचा. काढलेला जुना एमसीबी अजून ड्रॉवरमध्ये आहे, त्यावर बी १६ लिहिलंय.

वायरमनकाका, सांगली

पिंगळा, उत्तर तुमच्या ड्रॉवरमध्येच आहे. तुमचं दुखणं ताईंपेक्षा वेगळं. एमसीबीत दोन यंत्रणा असतात. बायमेटल सावकाश चालणारी, जादा भारासाठी. दुसरी कॉइल, शॉर्ट सर्किटसाठी, ती क्षणात ओढते. कॉइल किती प्रवाहाला ओढेल ते आकड्याआधीच्या अक्षरावर ठरतं. बी म्हणजे आकड्याच्या ३ ते ५ पट, सी म्हणजे ५ ते १० पट, डी म्हणजे १० ते २० पट. तुमचा एसी चालताना ८ अँपिअरच्या आसपास घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापट, म्हणजे ४८ च्या घरात. बी १६ ची कॉइल ४८ पासून ८० पर्यंत कुठेही ओढते. म्हणून तो पडायचा. वायर बिचारी त्या अर्ध्या सेकंदात तापतही नव्हती. बदलायचं होतं ते अक्षर, बदलला गेला आकडा. सी १६ बसवून घ्या.

आणि हे पुढे ढकलू नका, कारण सी ३२ चा आणखी एक धोका आहे आणि तो मला जादा भारापेक्षा मोठा वाटतो. लांबच्या बोर्डावर फेज न्यूट्रलला किंवा अर्थला चिकटला तर मधल्या वायरीच्या रेझिस्टन्समुळे प्रवाह हजारोंनी येतोच असं नाही. समजा २५० अँपिअर आला. सी १६ जास्तीत जास्त १६० ला ओढतो, म्हणजे लगेच तुटलं. सी ३२ ला ३२० पर्यंत न ओढण्याची मुभा आहे. कॉइल गप्प बसली तर काम बायमेटलवर आलं, आणि तिला काही सेकंद लागू शकतात. वायरीकडे तेवढे सेकंद आहेत का? तांब्याच्या पीव्हीसी वायरीला शॉर्ट सर्किटमध्ये १६० अंश ही शेवटची हद्द. त्याचं गणित असं: ११५ गुणिले वायरीचं क्षेत्रफळ, त्याचा वर्ग करा, आणि प्रवाहाच्या वर्गाने भागा. अडीचच्या वायरीला ८२,६५६ येतात. भागिले ६२,५००. उत्तर १.३ सेकंद.

एक पूर्णांक तीन दशांश सेकंदांत ७० वरून १६०. एवढाच वेळ आहे.

तिठा, लेस्टर

काका, एक शंका. मी बारा वर्षं इंग्लंडमध्ये राहतोय. इथे आमच्या घरात सगळ्या सॉकेटना अडीचचीच केबल आहे आणि एमसीबी ३२ चा आहे. तपासून गेलेल्या इलेक्ट्रिशियननेही नियमाप्रमाणे आहे असंच लिहून दिलं. मग इथे चालतं ते सोलापुरात का चालू नये? तांबं तर तेच.

वायरमनकाका, सांगली

फार चांगला मुद्दा काढलात. तुमच्याकडे ती केबल डीबीतून निघते, सगळ्या सॉकेटना फिरून परत त्याच डीबीत, त्याच एमसीबीवर येते. रिंग म्हणतात तिला. त्यामुळे कुठल्याही सॉकेटला वीज दोन्ही बाजूंनी मिळते आणि ३२ अँपिअर दोन वाटांनी वाटले जातात. अगदी निम्मे-निम्मे होत नाहीत, म्हणून त्यांच्या नियमात केबलची क्षमता किमान २० अँपिअर असावी अशी अट आहे. आमच्याकडे एकच वाट असते. सगळा प्रवाह तिनेच जाणार.

दुसरं, तुमचा प्लग उघडून बघा. आत छोटी फ्यूज सापडेल, ३ ची किंवा १३ ची. ती उपकरणाच्या दोरीसाठी आहे. भिंतीतल्या वायरीला एमसीबी, दोरीला प्लगमधली फ्यूज, अशी कामाची वाटणी त्यांनी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे तांब्याची टंचाई होती आणि घरं भराभर बांधायची होती, त्यातून हा रिंगचा मार्ग निघाला. तत्त्व तेच आहे, वायरीच्या क्षमतेच्या वर राखणदार ठेवायचा नाही.

आपल्या प्लगमध्ये फ्यूज नाही. म्हणून एक्स्टेंशन बोर्डाची मला फार धास्ती वाटते. बाजारातल्या साध्या बोर्डाची दोरी पाऊण चौरस मिलिमीटरची. तीन पिन, त्यात लोक इस्त्री, हीटर, किटली लावतात, आणि मागे राखणदार कोण, तर १६ चा एमसीबी. त्याला पाऊणच्या दोरीची काहीच फिकीर नाही. त्यात ती दोरी सतरंजीखालून नेलेली असली तर उष्णता बाहेर जायलाही जागा नाही. रानजाईताई, ओटीजी तात्पुरता म्हणून सुद्धा एक्स्टेंशनवर लावू नका.

बांधावरचा, जत

थोडं विषयाला सोडून आहे पण काकांनाच विचारतो. विहिरीवर सिंगल फेजची मोटर आहे. १६ चा एमसीबी आहे, अर्थिंगचा खड्डा पण आहे. तरी चैत्रापासून पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. एमसीबी मात्र पडत नाही. एमसीबी खराब म्हणायचा का?

वायरमनकाका, सांगली

दादा, आधी हे करा: मेन बंद करा, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या पेटीला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही, पोरांना तिकडे फिरकू द्यायचं नाही. कोरड्या पायाने झिणझिण्या येतायत, ओल्या पायाने जीव जाईल. पेटीवरचाच स्विच बंद करून भागणार नाही, मागून बंद करा.

आता एमसीबी का पडत नाही. पेटीला फेज चिकटला की वीज अर्थिंगच्या खड्ड्यातून जमिनीत जाते. तुमच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स १० ओहम जरी धरला, तरी २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर. १६ च्या एमसीबीला हा १.४४ पट झाला. म्हणजे तो तासाभरातही पडला नाही तरी त्याची चूक नाही! आणि जतची जमीन चैत्र-वैशाखात कशी भेगाळते ते मला माहीत आहे. खड्डा वाळला की १० चे ५० ओहम होतात, मग येतात ४.६ अँपिअर. एमसीबीच्या हिशेबी तो एखाद्या इस्त्रीचा भार. माणसाच्या छातीतून गेला तर मात्र त्याचा शंभरावा हिस्सासुद्धा घातक ठरू शकतो.

म्हणून माणसासाठी वेगळा राखणदार लागतो, आरसीसीबी. तो फेजने किती गेला आणि न्यूट्रलने किती परत आला हे ताडून बघतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतो, वाट कुठलीही असो. पण त्याला जादा भार कळत नाही, शॉर्ट सर्किटही कळत नाही, म्हणून एमसीबी काढून तो लावायचा नसतो. दोन्ही लागतात. आणि कुणी एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल धरले तर आरसीसीबीलाही काही कळत नाही, हेही ठाऊक असू द्या.

खड्ड्यात पाणी घाला, कोळसा-मीठ किती जुनं आहे ते बघा, आणि लायसनवाल्याकडून मोटरचं इन्शुलेशन मेगरने (इन्शुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासून घ्या. झिणझिण्या येतात म्हणजे गळती आहेच, ती शोधावी लागेल.

एक विचारायचं राहिलं. न्यूट्रलमध्ये वेगळं किटकॅट आहे का? जुन्या पेट्यांमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींत असायचं. असेल तर काढून तिथे लिंक, म्हणजे फ्यूजशिवायचा सरळ जोड, टाका. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर मोटर बंद पडते, माणूस समजतो वीज गेली, आणि आत फेज जिवंतच असतो. न्यूट्रल एकटं तोडायचं नाही, तोडायचं तर फेजबरोबरच, हा नियम १९५६ च्या वीज नियमांतही होता.

बांधावरचा, जत

मेन बंद केला. न्यूट्रलला किटकॅट आहे. उद्या माणूस बोलावतो.

रानजाई, सोलापूर

काका, आठ दिवसांनी लिहितेय, उशीर झाला. तुमचं सगळं उत्तर सासऱ्यांना दोनदा वाचून दाखवलं. १३० अंशांवर आले तेव्हा म्हणाले थांब, आणि स्वतः वहीत वर्ग करून बघितला. मग म्हणाले, मिलमध्ये बेअरिंग तापलं की आम्ही मशीन थांबवायचो, थर्मामीटर काढून फेकत नव्हतो.

दुसरे वायरमन बोलावले. त्यांनी तिन्ही उपकरणं चालू ठेवून वायरीभोवती टंग टेस्टर, म्हणजे प्रवाह मोजायचा चिमटा, लावला, १९.८ अँपिअर दाखवले. पाइपात गीझरची लाइन निघाली, तुम्ही म्हणालात तशीच. आणि एमसीबीचा खालचा स्क्रू सैल होता, तिथली वायर टोकाला काळी पडली होती. ओटीजीची नवी लाइन केसिंग-कॅपिंगमधून ओढली, सी १६ वेगळा. परवा चार किलोची ऑर्डर होती, तीन तास ओटीजी चालला, शेगडीही सुरू होती. काही पडलं नाही. मी मधून मधून डीबीजवळ जाऊन हात लावून बघत होते, कोमटही नव्हता.

घराला आरसीसीबी नाही हेही त्यांनी दाखवलं. पुढच्या महिन्यात बसवतोय.

वायरमनकाका, सांगली

ताई, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. थर्मामीटरची गोष्ट मी आता माझ्या पोरांना सांगणार आहे.

एकच विचारतो. ते काळं पडलेलं टोक कापून काढलं की तसंच परत स्क्रूखाली घातलं? तापून काळं झालेलं तांबं घट्ट आवळलं तरी नीट धरत नाही, काही महिन्यांत तिथेच पुन्हा तापतं. आणि एमसीबी तोच ठेवला असेल तर त्याच्या त्या बाजूचं प्लास्टिक पिवळं किंवा तपकिरी झालंय का ते बघा, झालं असेल तर तोही बदला. १६ चाच.

रानजाई, सोलापूर

चार बोटं वायर कापली, स्वच्छ लाल तांबं लागेपर्यंत. एमसीबी पिवळा पडला होता. नवा टाकला, १६ चाच.